न लागणारीं अक्षरें

पत्राचें अक्षर 'लागणें' हा मराठींतील एक मार्मिक वाक्प्रचार आहे. अक्षर दिसतें पण लागत नाहीं, असें आपण म्हणतों तेव्हां आपल्या दृष्टीची तक्रार आपणांस करावयाची नसते. लिहिणारानें कोणत्या खुणेनें कोणता ध्वनि दर्शविला आहे याविषयीं त्याच्यांत व आपल्यांत जें एकमत असावयास पाहिजे तें जुळलेलें नाहीं, एवढेंच आपण सांगत असतों. मोडीचा सराव नसलेल्या मनुष्याच्या हातीं पेशवाईंतील एखादा कागद पडला म्हणजे शाई स्वच्छ, कागद शाबूत आणि तरीही मजकूर मुका, असा प्रकार होतो.

ई-मेलच्या युगांत हाच प्रकार नव्या वेषानें घरोघर अवतरला. परदेशीं राहणाऱ्या मुलाचें पत्र आईनें उत्सुकतेनें उघडावें, आणि ओळखीच्या बाळबोध अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटींची, प्रश्नचिन्हांची किंवा माथ्यावर तिरकी रेघ ओढलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसावी, हा अनुभव २००० सालाच्या मागेंपुढें अनेक मराठी कुटुंबांनीं घेतला आहे. जुनीं पत्रें उघडतांना तो आजही अधूनमधून येतो. "पत्र वाटेंत बिघडलें" असें आपण अशा वेळीं म्हणतों. परंतु पावसांत भिजलेल्या टपालाची उपमा येथें बहुधा लागू पडत नाहीं. पत्रांतील अंक जसेच्या तसे पोंचलेले असतात. ते कोणत्या नियमानें वाचावयाचे हें सांगणारी खूण तेवढी हरवलेली असते. ही खूण कशी हरवली, तिच्यावांचून काम भागेल असें प्रथम कां वाटलें, आणि ती पत्राबरोबरच पाठविण्याची पद्धति कशी रूढ झाली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण ज्यांच्या संग्रहीं जुनें मराठी लेखन संगणकावर पडून आहे त्यांना तो उपयोगीही पडण्यासारखा आहे.

यंत्राला अक्षर कळत नाहीं, अंक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षरास एक अंक नेमून द्यावा लागतो, आणि ही नेमणूक पाठविणारा व घेणारा या दोघांनाही मान्य असावी लागते. ही गरज तारायंत्रापासूनची आहे. १८४४ मध्यें वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला मोर्सचा प्रसिद्ध संदेश गेला तेव्हां टिंबांची व रेघांची सारणी दोन्ही टोकांच्या माणसांस पाठ होती. पुढें १८७४ मध्यें एमिल बोदो या फ्रेंच गृहस्थानें आपल्या छापणाऱ्या तारायंत्राचें पेटंट घेतलें. त्याच्या पद्धतींत प्रत्येक अक्षरास पांच स्पंदनें असत. पांच स्पंदनांच्या जुळण्या अवघ्या ३२ होतात. तेवढ्यांत अक्षरें व आंकडे दोन्ही बसेनात. तेव्हां एकच जुळणी कधीं अक्षर तर कधीं आंकडा मानावयाची आणि 'येथून आंकडे सुरू' अशी एक खूण आधीं पाठवावयाची, अशी योजना झाली. ही खूण चुकून आली किंवा वाटेंत गळली कीं पुढला मजकूर भलत्याच चिन्हांत छापला जाई. ई-मेलवर पुढें जीं संकटें आलीं त्यांचें बीज या एका खुणेच्या हरवण्यांत स्पष्ट दिसतें.

संगणकांसाठीं अमेरिकेनें १९६३ मध्यें 'आस्की' नांवाची प्रमाण सारणी प्रसिद्ध केली, आणि १९६७ च्या सुधारणेंत तिला जवळजवळ आजचें रूप आलें. शून्य किंवा एक अशा सात घटकांच्या, म्हणजे सात बिटांच्या, या सारणींत एकंदर जागा १२८ आहेत. त्यांपैकीं ३३ यंत्राला हुकूम देण्यासाठीं राखलेल्या. उरलेल्या ९५ मध्यें लहानमोठीं इंग्रजी अक्षरें, आंकडे, विरामचिन्हें आणि शब्दांमधील कोरी जागा. अमेरिकन कचेरीचें काम एवढ्यावर चाले. फ्रेंचांच्या स्वरांवरील रेघांना व जर्मनांच्या दोन टिंबांनाही जेथें थारा नव्हता, तेथें देवनागरीची गोष्ट कशाला काढावी?

१९७१ मध्यें रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें 'आर्पानेट' या जाळ्यावरून एका संगणकावरचें पत्र दुसऱ्या संगणकावर पाठविण्याची सोय केली. ऑगस्ट १९८२ मध्यें जॉन पोस्टेल यांनीं पत्रांच्या दळणवळणाचे नियम लिहून काढले. मजकूर सात बिटांच्या आस्कींत असावा, आणि मार्ग आठ बिटांचा असेल तर आठवा बिट शून्य असावा, असें त्यांत ठरलें. जाळें वापरणारे त्या काळीं बहुतेक इंग्रजी जाणणारे संशोधक होते, तेव्हां नियमकर्त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. पण सारणी एकच असल्यामुळें पत्र कोणत्या सारणीनें लिहिलें आहे हें पत्रावर नमूद करण्याची त्यांना गरजच वाटली नाहीं. घरांत सगळे एकच भाषा बोलत असतां 'मी मराठींत बोलत आहें' असें कोणी सांगत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. पाहुणा परमुलखांतला आला म्हणजे मग पंचाईत होते.

असे पाहुणे लवकरच आले. आठवा बिट उपयोगांत आणला तर १२८ च्या २५६ जागा होतात. वरच्या १२८ जागा निरनिराळ्या देशांनीं, आणि कित्येकदां एकाच देशांतील निरनिराळ्या कंपन्यांनीं, आपापल्या अक्षरांनीं भरल्या. उदाहरणार्थ २२४ हा एकच अंक घेऊं. पश्चिम युरोपच्या सारणींत तो म्हणजे माथ्यावर तिरकी रेघ असलेलें लहान रोमन 'ए'. रशियन लोकांच्या 'कोइ-८' सारणींत तोच अंक मोठें 'यु', विंडोजच्या रशियन सारणींत लहान 'आ', आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेच्या रशियन सारणींत लहान 'र'. याप्रमाणें एका रशियन माणसानें दुसऱ्या रशियन माणसाला रशियन भाषेंत लिहिलेलें पत्रही न लागण्याची पाळी आली. या विपरीत अक्षरांना रशियन लोकांनीं 'क्राकोझ्याब्री' असें थट्टेचें नांव ठेविलें. जर्मनांनीं 'चिन्हांची कोशिंबीर' म्हटलें. आणि जपान्यांनीं 'मोजिबाके' हा शब्द योजिला, तोच पुढें जगभर रूढ झाला. 'मोजि' म्हणजे अक्षर, आणि 'बाके' ज्या क्रियापदापासून येतें तें जपानी कथांतून कोल्ह्यानें माणसाचें रूप घेतलें असें सांगतांना वापरतात. अक्षरानें सोंग घेतलें, हा त्या शब्दाचा भाव होय.

या संकटावर प्रत्येक समाजानें जो तोडगा काढला त्यांत त्याचा अनुभव दिसतो. 'कोइ-८' रचणारांनीं मोठें चातुर्य दाखविलें. त्यांनीं रशियन अक्षरें आपल्या वर्णमालेच्या क्रमानें लाविलीं नाहींत. प्रत्येक अक्षर त्याच्या जवळच्या उच्चाराच्या रोमन अक्षराच्या बरोबर १२८ जागा पुढें बसविलें. त्यामुळें एखाद्या अडाणी यंत्रानें आठवा बिट कापून टाकिला तरी रशियन शब्द रोमन लिपींत उरे. फक्त मोठीं अक्षरें लहान व लहान अक्षरें मोठीं होत. अपघात होणारच असें गृहीत धरून केलेली अशी रचना विरळा. एका रशियन पत्त्याची गोष्टही प्रसिद्ध आहे. रशियांतून ई-मेलनें कळविलेला पत्ता फ्रान्समध्यें चुकीच्या सारणीनें उघडला गेला, आणि तेथील मित्रानें तो स्वरांवर रेघा असलेल्या निरर्थक अक्षरांत पाकिटावर तसाच उतरून काढिला. रशियन टपाल कचेरींतील माणसांनीं एकेका अक्षराखालीं खरें रशियन अक्षर मांडून पत्ता लाविला. त्या पाकिटाचें छायाचित्र आजही लोक एकमेकांना दाखवितात. सारणी ठाऊक असेल तर सोंग उतरवितां येतें, हें त्या टपालवाल्यांनीं हातानें सिद्ध केलें.

जपान्यांची अडचण याहून मोठी. त्यांच्या हजारों अक्षरांना आठ बिटही पुरे पडत नाहींत. त्यांनीं सात बिटांचें बंधन मान्य करून प्रत्येक अक्षरास दोन अंक दिले, आणि 'येथून जपानी सुरू', 'येथून पुनः इंग्रजी' अशा खुणा मजकुरांत घातल्या. बोदोची जुनी युक्ति येथें नव्यानें अवतरली, आणि तिचा जुना दोषही बरोबर आला. वाटेंतल्या एखाद्या यंत्रानें ती अदृश्य खूण गाळली कीं संबंध पत्र डॉलरचीं चिन्हें व रोमन अक्षरें यांचा ढीग होऊन बसे. जाळ्यावरील वापरासाठीं या पद्धतीचें लेखी वर्णन जून १९९३ मध्यें प्रसिद्ध झालें. जुन मुराई हे तिच्या लेखकांपैकीं एक होत.

खरी सुधारणा त्याच्या आदल्या वर्षीं झाली होती. जून १९९२ मध्यें नॅथॅनियल बोरेन्स्टीन व नेड फ्रीड यांनीं 'माइम' नांवाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत दोन गोष्टी होत्या. पहिली ही कीं, पत्राच्या माथ्यावर एक ओळ असावी आणि आंतील मजकूर कोणत्या प्रकारचा व कोणत्या अक्षरसंचांतील आहे हें तींत स्पष्ट सांगावें. ई-मेलच्या इतिहासांत या ओळीइतकी महत्त्वाची ओळ दुसरी नसेल. कारण जें सर्वांना ठाऊक आहे असें आजवर गृहीत धरलें जात होतें, तें तिनें प्रथमच बोलून दाखविलें. दुसरी गोष्ट बांधणीची. जुन्या यंत्रांना सातच बिट मानवत होते, म्हणून मजकुरांतील प्रत्येक तीन बाइटांचे, म्हणजे आठ आठ बिटांच्या तीन गटांचे, चार निरुपद्रवी रोमन चिन्हांत रूपांतर करावयाचें व घेणारानें तें उलगडावयाचें. पत्राचा आकार त्यानें एकतृतीयांशानें वाढे, पण मजकूर सुखरूप पोंचे.

आतां आपल्या घराकडे वळूं. भारतीय लिपींसाठीं 'इस्की' ही आठ बिटांची सारणी १९८८ मध्यें तयार झाली, आणि १९९१ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. कानपूरच्या आयआयटींत आरंभिलेलें व पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलेलें कार्य तिच्या मागें होतें. सारणी विचारपूर्वक केलेली होती. तिच्यांत अक्षराच्या आकारास अंक न देतां ध्वनीस अंक दिला होता. त्यामुळें देवनागरी 'क', बंगाली 'क' व कन्नड 'क' यांचा अंक एकच. काना, मात्रा, जोडाक्षरें यांचें दृश्य रूप जुळविणें हें पडद्याचें काम. पण हें काम करणारी खास सोय ज्या संगणकावर नसे, तेथें इस्कीचा उपयोग नव्हता. आणि सामान्य माणसाच्या संगणकावर ती नसे.

म्हणून व्यवहारांत निराळीच तोड निघाली. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा नांवांचे फॉन्ट बाजारांत आले. कित्येक फॉन्टांची युक्ति अशी कीं, संगणकास मजकूर इंग्रजीच आहे असें भासवावयाचें, आणि रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे, कुठें काना, कुठें रफार, कुठें अर्धा वर्ण, चितारून ठेवावयाचे. छापखान्यांतल्या खिळेजुळाऱ्याच्या पेटीसारखी ही व्यवस्था होती, आणि छपाईपुरती ती उत्तम चालली. हजारों मराठी पुस्तकें, लग्नपत्रिका, मासिकें तिच्यावर निघालीं. पण तोच मजकूर पत्रांतून पाठविला व घेणाराकडे तो विशिष्ट फॉन्ट नसला कीं सोंग उतरे. कृतिदेवमध्यें 'मराठी' हा शब्द टंकिला तर संगणकाच्या स्मरणांत ई, जे, के, बी, एच ही पांच रोमन अक्षरेंच असतात. फॉन्ट नसलेल्या घरीं तींच दिसतात. शिवाय प्रत्येक फॉन्टाची मांडणी वेगळी. एकाचा 'म' तो दुसऱ्याचा 'म' नव्हे. 'माइम'ची ती बहुमोल ओळही येथें निरुपयोगी ठरली, कारण प्रेषकाचें यंत्रच प्रामाणिकपणें सांगे कीं मजकूर इंग्रजी आहे. परदेशांतील कित्येक मराठी मंडळींनीं मग रोमन लिपींतच मराठी लिहिण्याचा मार्ग पत्करला. त्यासाठीं अविनाश चोपडे यांची 'आयट्रान्स' ही लेखनपद्धति १९९० नंतरच्या दशकांत पुष्कळांच्या उपयोगीं पडली.

जगांतील सर्व लिपींना मिळून एकच सारणी असावी ही कल्पना जो बेकर यांनीं १९८८ मध्यें 'युनिकोड' या नांवानें मांडली. तिची पहिली आवृत्ति ऑक्टोबर १९९१ मध्यें निघाली. देवनागरीची तींतील मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे, हें आपल्याकडील श्रमांचें चीज झालें असेंच म्हटलें पाहिजे. परंतु एवढ्या मोठ्या सारणींतील अंक जुन्या मार्गांनीं पाठवावयाचे कसे? सप्टेंबर १९९२ मध्यें केन थॉम्पसन यांनीं न्यू जर्सींतील एका खाणावळींत, रॉब पाइक समोर बसले असतां, टेबलावरच्या कागदी आच्छादनावर एक रीति आंखली, तीच 'यूटीएफ-८'. इंग्रजी अक्षर पूर्ववत् एका बाइटांत राहतें. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. आणि कोणताही बाइट आरंभींचा आहे कीं मधला, हें त्याच्याकडे पाहतांच कळतें. त्यामुळें एखादा बाइट गळला तरी एकच अक्षर जातें, सारें पत्र जात नाहीं. विंडोज २००० पासून देवनागरी दाखविण्याची सोय संगणकांतच आली, आणि पुढील दहा वर्षांत युनिकोडनें मराठी पत्रव्यवहारांत हळूहळू जम बसविला.

आतां या इतिहासाच्या आधारें न लागणाऱ्या पत्राचें निदान करूं. अक्षरांच्या जागीं नुसत्या चौकटी दिसल्या तर काळजीचें कारण नाहीं: पत्र शाबूत आहे, त्या लिपीचा फॉन्ट मात्र संगणकावर नाहीं. रोमन अक्षरांच्या गर्दींत '४ के एस' व '४ के डब्ल्यू' हे तुकडे ठराविक अंतरानें पुनःपुनः दिसले, तर 'माइम'ची बांधणी सुटलेली नाहीं. देवनागरीच्या तीन बाइटांचीं चार चिन्हें होतात व त्यांचा आरंभ पुष्कळदां असाच होतो. ती बांधणी उलगडणाऱ्या प्रोग्रामांत तो मजकूर घातला कीं पत्र वाचतां येतें.

सर्वांत नेहमीचा विकार म्हणजे यूटीएफ-८ चें पत्र पश्चिम युरोपच्या सारणीनें उघडलें जाणें. मघांचा २२४ येथें पुनः भेटतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. विंडोजच्या पश्चिमी सारणींत २२४ म्हणजे तिरकी रेघवालें 'ए', १६४ म्हणजे चार शेंड्यांचें लहान वर्तुळ, आणि १६५ म्हणजे जपानी येनचें चिन्ह. हें जोडपें पत्रभर पुनःपुनः दिसलें कीं पत्र मराठी, हिंदी किंवा देवनागरींतील दुसऱ्या एखाद्या भाषेचें आहे व अंक बहुधा सुखरूप आहेत, असें समजावें. खरा भेद तिसऱ्या बाइटांत असतो: 'मराठी' या शब्दांतील 'म' येथें वर्तुळांतला 'आर' होतो, 'र' अंशाचें चिन्ह होतो, काना पाऊण या अपूर्णांकाचें रूप घेतो, 'ठ' कोरी जागा बनतो, आणि दीर्घ वेलांटी युरोपच्या युरो नाण्याचें चिन्ह होऊन बसते! उपाय साधा: वाचणाऱ्या प्रोग्रामांत अक्षरसंच यूटीएफ-८ निवडावा.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पडद्यावरचा हा विपरीत मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवूं नये, व त्याच्याच पोटीं उत्तर लिहूं नये. हलन्ताचा तिसरा बाइट १४१ व ह्रस्व उकाराचा १२९. विंडोजच्या त्या सारणींत या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. उचलतांना तीं चिन्हें गळतात, आणि मागाहून दुरुस्त केलेल्या मजकुरांत 'पुस्तक' या शब्दाचा उकारही जातो व जोडाक्षरही फुटतें. शिवाय चुकलेला मजकूर पुनः यूटीएफ-८ मध्यें बांधला गेला तर सोंगावर सोंग चढतें. 'मराठी' शब्दाचे मूळचे १५ बाइट ३१ होतात. म्हणून मूळ पत्रच जपून ठेवावें. आणि अक्षरांच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें आलीं असतील तर समजावें कीं वाटेंतल्या कोणा प्रोग्रामानें, आपल्या सारणींत नाहीं तें अक्षर पुसून, तेथें खूण करून ठेविली आहे. येथें कोणतीही विद्या चालत नाहीं. प्रेषकाकडूनच पत्र पुनः मागविलें पाहिजे.

कृतिदेव, शिवाजी इत्यादि फॉन्टांतील जुन्या मजकुराचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तो एकट्यादुकट्या पत्राचा नाहीं. १९९० नंतरच्या वीसेक वर्षांत संगणकावर जुळविलेलें मराठी लेखन, पुस्तकांचीं हस्तलिखितें, संस्थांचीं इतिवृत्तें, मुलांनीं आईवडिलांना लिहिलेलीं पत्रें, यांतील पुष्कळ अद्यापि त्याच सोंगांत निजून आहे. मोडीच्या कागदांशीं याची तुलना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. मोडीचे रुमाल दप्तरखान्यांत आहेत, ते वाचणारे थोडे आहेत. पण मोडी शिकविणारीं माणसें व पुस्तकें आहेत, आणि जून २०१४ मध्यें युनिकोडनेंही मोडीस स्वतंत्र जागा दिली. मोडीची किल्ली अनेकांच्या हातीं राहिली म्हणून मोडी तगली. एखाद्या फॉन्टाची किल्ली मात्र त्या फॉन्टाच्या फाइलींतच असते, आणि ती फाइल ज्या संगणकावर होती तो कित्येकदां भंगारांत गेलेला असतो.

ज्यांच्या घरीं असें लेखन असेल त्यांनीं तें उद्यांवर टाकूं नये. प्रथम मजकुराबरोबर फॉन्टाचें नांव लिहून ठेवावें, आणि फॉन्टाची फाइल मिळत असेल तर तीही त्याच ठिकाणीं ठेवावी. नंतर प्रचलित रूपांतर-प्रोग्रामांच्या साह्यानें मजकूर युनिकोडमध्यें आणून तो मुळाशीं ताडून पाहावा. रफार, अनुस्वार व जोडाक्षरें यांत रूपांतर विशेष चुकतें. मूळ प्रत मात्र फेकूं नये. आणि मजकूर खरोखर मोलाचा असेल तर एक प्रत कागदावर छापून ठेवावी. कागदावरच्या बाळबोध अक्षराला कोणत्याही सारणीची गरज लागत नाहीं, तें शाळेंत गेलेल्या कोणत्याही मराठी मुलाला लागतें.